कापसाला डाग नको म्हणून

अन्याय माझ्यावर झाला. दिवाळीनंतर कापसाच्या दुसऱ्या वेच्यात, सोमवारी, दुपारची भाकर सोडायच्या थोडं आधी, बोरी अरबच्या अलीकडे आमचा तांडा आहे त्याच्या मागच्या शेतात. माझं नाव कविता. आडनाव मुद्दाम लिहीत नाही. आडनाव पाहून पुढचं वाचायचं की नाही ते ठरवणारे लोक आमच्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत, आणि कापूस त्यांच्याही घरी वेचला जातो.

मी पत्रकं लिहिते आणि वाटते. फवारणीच्या वेळी तोंडाला काय बांधावं, बाईची मजुरी बाईच्याच हातात का द्यावी, असल्या विषयांवर. बाजारात लोक ती घेतात, घडी घालतात आणि त्यात भजी खातात. हेही पत्रकच आहे, जरा लांब. भजी नंतर खा.

बोट

वाळलेल्या बोंडाला टोकं असतात. ज्यांनी कापूस फक्त गादीत पाहिला त्यांच्यासाठी सांगते, ती टोकं सुईसारखी असतात. वेचणाऱ्या बाईची बोटं हिवाळाभर ओरखडलेली असतात आणि त्याला कोणी जखम म्हणत नाही. त्या सोमवारी एक टोक उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटात, नखाच्या कडेला, खोल घुसून आत मोडलं. मी ते उपसून काढलं तशी रक्ताची धार लागली.

"ओटीत हात नको घालू!" याडी शेजारच्या तासातून, म्हणजे ओळीतून, ओरडली. याडी म्हणजे आई. घरी आम्ही गोरबोली बोलतो, इथं तिचं बोलणं वऱ्हाडीत लिहिते, म्हणजे सगळ्यांना कळेल. "थांब म्हटलं ना! डाग पडते!"

तिनं आधी माझी ओटी पाहिली, मग बोट. कमरेला बांधलेल्या त्या झोळीतला कापूस पांढराशुभ्र होता. याडीचा जीव भांड्यात पडला.

तिला दोष देण्याआधी खरेदीवाल्याला भेटा. तो गावात येतो, वेचलेल्या कापसाच्या गंजीत कोपरापर्यंत हात घालतो आणि कोंबडीच्या पोटातून अंडं काढावं तसा एक बोंडूक, म्हणजे एका बोंडाचा कापूस, बाहेर काढतो. त्यावर तांबडा ठिपका असला की झालं. "दागी माल हाय, बाई." पानाची पिंक असो की रक्त असो, त्याला एकच. एका ठिपक्यावर तो सगळ्या गंजीचा भाव पाडतो आणि वर असा चेहरा करतो, जणू आपण त्याच्या लग्नाच्या पोशाखावर थुंकलो.

म्हणून आमच्याकडच्या बाया काय करतात ते सांगते. बोट फाटलं की त्याच झाडाचा कापूस घ्यायचा, सरकी काढायची, बोटांत पिळून त्याचा बोळा करायचा आणि तो जखमेत दाबून बसवायचा. वर दोरा. दोऱ्यावर प्लास्टिकची पन्नी, म्हणजे रक्त झिरपून ओटीत जाणार नाही. आणि वेचा संपेस्तोवर बोळा सोडायचा नाही. सोडला की खपली निघते, पुन्हा रक्त, पुन्हा डाग. याडीनं माझं बोट तसंच बांधलं, दोरा दातानं तोडला, आणि म्हणाली, "झालं. चाल, तास पुरा कर."

मी तास पुरा केला.

बाहेरचं खाल्लं

बोट दुखत नव्हतं. हे वाक्य नीट वाचा, कारण सगळे इथंच फसतात. पू नाही, ठणका नाही. दोन-तीन दिवसांनी ताप चढला तो एकदम, दात वाजवणारी थंडी घेऊन. मग उलट्या, मग संडास. डोळे लाल झाले. अंग असं तांबडं पडलं, जसं उन्हात उघडं टाकून भाजलं असावं. उभी राहिले की डोळ्यांपुढं अंधार यायचा.

भाऊ प्रकाशनं मोटारसायकलवर बसवून बाजाराच्या गावातल्या डॉक्टरकडे नेलं. त्या डॉक्टरला मी ओळखत होते आणि तो मला. 'प्रत्येक रोगावर सलाईन कायले?' असं एक पत्रक मी त्याच्याच दवाखान्यासमोर उभी राहून वाटलं होतं.

"फवारणी केली काय?" त्यानं प्रकाशला विचारलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"आता कायची फवारणी, साहेब? वेचा चालू हाय."

"मग बाहेरचं खाल्लं असंन. अन् हे लाल कायनं झालं? उन्हात फिरते ना हे, कागदं वाटत?" मग माझ्याकडे वळून, "नेतागिरी कमी करा, मॅडम. इम्युनिटी डाऊन हाय तुमची."

सलाईन लावलं. सुई खुपसली ती उजव्याच हाताला, पन्नी बांधलेल्या बोटापासून वीतभर वर. तळहात त्यानं स्वतः धरला, उलटा केला, शीर शोधली. बोटाला काय बांधलंय, हे त्यानं विचारलं नाही. माझा हात त्याच्यासाठी बाटली टांगायची खुंटी होता. मी सांगायला हवं होतं. पण जिभेला वजन आलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही बोटाची आठवण नव्हती. वेचणाऱ्या बाईच्या बोटाला पन्नी असणं म्हणजे तिच्या कपाळाला टिकली असणं, इतकं ते रोजचं.

गुरुजींची पावडर

घरी आणलं तर गुरुजी हजर. निवृत्त झाल्यापासून ते डब्यांतली पावडर विकतात. डब्यावर ढाल घेतलेला माणूस आहे. गुरुजींनी मला चौथीत विज्ञान शिकवलं होतं, हे मला आजही खरं वाटत नाही.

"बेटा, सगळा खेळ इम्युनिटीचा असते," ते म्हणाले. "शरीराची फौज कमजोर झाली का रोग घुसते. दोन चमचे कोमट पाण्यात. फौज अशी उठून उभी राह्यते पाय!"

याडीनं भांडं माझ्या तोंडाला लावलं. मी ते सगळं गुरुजींच्या बुटांवर ओकले. त्या आठवड्यात माझ्या शरीरानं केलेलं ते एकमेव शहाणपणाचं काम.

बूट झटकत गुरुजी म्हणाले, "पाहा, घाण बाहेर पडून राह्यली. औषध लागू पडून राह्यलं."

मी हसायला गेले आणि खाली पडले. पुढचं मला आठवत नाही. प्रकाश सांगतो की माझे ओठ निळे पडले होते, आणि गुरुजी झाकण घट्ट लावून डबा परत घेऊन गेले.

कात्री

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात मला जीपमधून नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडम माझ्याच वयाच्या असतील, लातूरकडचं बोलायच्या, डोळ्यांखाली झोप साचलेली. त्यांनी रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला, अंगाचा लाल रंग बोटानं दाबून पाहिला. मग माझे दोन्ही हात उचलले.

"हे काय बांधलंय?"

"कापूस हाय," याडी म्हणाली. "आपल्या वावरातला. सोच्छ हाय एकदम."

"आणि आत?"

"आतबी कापूसच."

मॅडमनी कात्री घातली. पन्नी, दोरा, मग चिमट्यानं बोळा. तो ओला, पिवळट, चेंदलेला होता. पू म्हणावा असा फारसा नव्हताच. मी पाहिलं तर मला वाटलं, हट, एवढंसंच? पण मॅडमचा आवाज बदलला. त्यांनी तीन माणसांना एकदम हाका मारल्या, दोन्ही हातांत सुया गेल्या, बोटावर पाणी ओतत ओतत त्या याडीला म्हणाल्या, "आई, या बोटातून विष चाललंय अंगात. आम्ही करतोय सगळं. पण उशीर झालाय, खोटं सांगत नाही."

याडीला त्यातला एकच शब्द ऐकू आला.

"विष?" ती म्हणाली. "म्या बांधलं थे. म्या विष देल्लं काय पोरीले?"

तिला उत्तर द्यायला कोणाला वेळ नव्हता. मला खाटेसकट ढकलत आत नेलं. दार लागताना मला दिसलं, ती फरशीवर बसली होती आणि बोळा पडलेल्या त्या स्टीलच्या ट्रेकडे पाहत होती.

आतली खोली

अतिदक्षता विभागात सकाळ-संध्याकाळ नसते. दिवे जळत असतात, यंत्रं टूं टूं करतात, सिस्टर येते, बाटली बदलते, लघवीची पिशवी पाहते आणि चेहरा कोरा ठेवून जाते. त्या कोऱ्या चेहऱ्यावरून मी आपला अंदाज बांधायची. माझं अंग ढोलासारखं सुजलं. बांगडी कापून काढावी लागली. कोणी तरी हळू आवाजात "किडनी" म्हणालं. हळू आवाजात बोललेलं सगळ्यात आधी ऐकू येतं, हे दवाखान्यातल्या लोकांना कधी कळणार?

भीती वाटली का, असं लोक विचारतात. वाटली. मरायची वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली, की एका गंजीचा रंग बिघडू नये म्हणून आपण मरून राह्यलो. आपल्यावर पत्रक लिहायचं तर मथळा काय द्यायचा, हे मी तापात ठरवत होते. एकही चांगला सुचला नाही.

एका सिस्टरनं एकदा माझे चिकटलेले केस सोडवून दोन वेण्या घालून दिल्या, कोणी न सांगता. वेण्या घालताना ती तिच्या सासूला शिव्या देत होती. इतकं गोड मी त्या खोलीत दुसरं काही ऐकलं नाही.

अफवा

शुद्ध नीट आल्यावर मी मॅडमना विचारलं, "माझी इम्युनिटी डाऊन होती ना?"

त्या हसल्या. पहिल्यांदाच. "डाऊन? तुझ्या इम्युनिटीनंच तुला मारत आणलं होतं."

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. हे जंतू पुष्कळ लोकांच्या नाकात, कातडीवर एरवीही असतात आणि बिचारे गप्प असतात. बोळ्यानं गच्च भरलेली, पन्नीनं झाकलेली, दिवसेंदिवस न उघडलेली ओली जखम त्यांना मिळाली की त्यातल्या काही जाती एक विष तयार करतात. जंतू बोटातच बसतो, विष रक्तातून हिंडतं. आता आपली प्रतिकारशक्ती एरवी नेमून दिल्यासारखं काम करते. जो जंतू आला असेल त्याला ओळखणाऱ्या मोजक्या पेशी उठतात, बाकीच्या आपल्या जागी बसून राहतात. हे विष ओळखीचा दाखला मागतच नाही. दिसेल त्या पेशीला ते थेट उठवतं.

गावात मोबाईलवर निरोप फिरतो, 'पोरं पळवणारी टोळी आली.' कोणी टोळी पाहिलेली नसते. पण ज्यांनी एरवी घरासमोरचं गटार कधी उपसलं नाही असे सगळे वीर काठ्या घेऊन चौकात येतात. आरडाओरड होते, त्या आरड्यानं आणखी लोक येतात, आणि मग समोर जो सापडेल त्याला झोडपतात. बहुतेक वेळा एखादा भंगारवाला, नाहीतर आपल्याच गावचा वेडा. माझ्या अंगात नेमकं तेच झालं. विष म्हणजे तो निरोप पाठवणारा. तो बोटात बसून मजा पाहत होता. आणि माझी फौज, गुरुजींना जी आणखी उठवायची होती ती फौज, माझ्याच रक्तवाहिन्या फोडत सुटली होती. रक्तवाहिन्या गळक्या झाल्या, पाणी बाहेर झिरपलं, रक्तदाब पडला, अंग सुजलं. पावडरीनं यात भर पडली नसती. तिच्यानं काहीच होत नाही, हाच तिचा एकुलता एक गुण.

"मग आता मला हे पुन्हा होणार नाही ना?" मी विचारलं. "गोवर एकदा झाला की होत नाही, तसं?"

मॅडम म्हणाल्या, "तीच अडचण आहे. एवढ्या गोंधळात बऱ्याच जणांचं शरीर त्या विषाला ओळखायला शिकतच नाही. पुन्हा होऊ शकतं. बोट फाटलं तर धुवायचं, मोकळं ठेवायचं. बोळा भरायचा नाही. तूही नाही, तुझ्या आईनंही नाही."

दंगलीनंतर कुठल्या गावाला कधी काही आठवलंय? शरीर तरी वेगळं काहून निघेल!

जिन्याखाली

मला मोठ्या वॉर्डात आणलं. याडी वर येत नव्हती. प्रकाश डबा आणायचा, ती खाली जिन्याजवळ बसून राहायची.

"तू मुद्दाम सांगतं ना सगळ्यायले, याडीनं बांधलं म्हणून झालं?" प्रकाश एक दिवस चिडला. "मावशी म्हणते करणी हाय. मानून घे ना. मायच्या डोक्यावरचं ओझं उतरते."

"अन् मावशीच्या सुनेनं उद्या बोळा बांधला तर?"

"तुले आजारातबी पत्रकच दिसते!" डबा आपटून तो गेला. भाजी खाटेभर झाली.

शेजारच्या खाटेवर सोमाबाई होत्या, झरी जामणीकडच्या, पायाला भाजल्याची जखम. सगळं ऐकत होत्या. माझ्या तळहातांची कातडी तेव्हा सोलून निघायला लागली होती, हातमोजा काढावा तशी. या आजारात असं होतं, मॅडमनी आधीच सांगितलं होतं. मी ती ओढत बसले होते.

"कात टाकून राह्यली काय वं?" सोमाबाई म्हणाल्या. "पाह्यजो, आम्हाले डसशीन."

मग पाय ओढत, भिंत धरत त्या उठल्या आणि बाहेर गेल्या. सिस्टर मागून ओरडत होती. बऱ्याच वेळानं परत आल्या तेव्हा त्यांच्या मागं याडी होती.

"काय सांगितलं तिले?" मी विचारलं.

"कायले काय सांगू? म्हटलं, तुही पोट्टी नागीण होऊन राह्यली, पाहाले चाल."

याडी हसली नाही. खाटेच्या कडेला बसली, माझा तो कच्चा गुलाबी तळहात आपल्या खरबरीत तळव्यावर घेतला आणि कितीतरी वेळ फुंकर घालत राहिली. जळत तर नव्हतं. पण मी तिला थांबवलं नाही.

पुन्हा वेचा

मी बरी झाले. पुढं दोन महिन्यांनी केस गळले, नखं सुटली, पुन्हा आली. त्या बोटाचं टोक अजून बधिर आहे. लोक भेटायला येऊन "नशीब बलवत्तर" म्हणून गेले. माझ्या बोटावरच्या पन्नीला कात्री नशिबानं लावली नव्हती, मॅडमनी लावली होती.

यंदाच्या दुसऱ्या वेच्यात मी याडीबरोबर तासाला लागले. भाकर सोडली तेव्हा पाहिलं तर तिच्या अंगठ्याला पन्नी.

मी ओरडलेच. "हे काय हाय?"

"काही नाही. ओरखडलं."

"याडी, सोड थे."

"उद्या खरेदीवाला येऊन राह्यला. डाग पडला तर पुरी गंजी पाडते थो."

"अन् तुले झालं तर?"

"मले कायचं होते? एवढं आयुष्य बांधत आली मी."

"म्याबी बांधत आलती! लहानपणापासून तूच बांधून देत होती!"

तासातल्या बाया थांबल्या. मला वाटलं याडी रडेल. ती रडली नाही. तिनं दातांत दोरा धरला आणि ओढला, पन्नी सोडली, बोळा काढून मातीत टाकला. अंगठ्यातून रक्त आलं. मी कॅनमधलं पाणी ओतलं, साबण लावला, पुन्हा ओतलं, धुतलेली सुती पट्टी सैल गुंडाळली. पट्टी लाल झाली की नवी. दुपारभर तेच. आणि व्हायचं तेच झालं, ओटीत एक ठिपका पडलाच.

दुसऱ्या दिवशी खरेदीवाल्यानं गंजीत हात घातला. त्याला शोधावंही लागलं नाही. याडीनं तो बोंडूक सगळ्यात वर ठेवला होता.

"हे काय, बाई? पान खाऊन थुंकली कोणी?"

"पान नाही," याडी म्हणाली. "माह्या अंगठ्याचं रक्त हाय. नीट पाय."

त्यानं बोंडूक टाकून दिला, हात धोतराला पुसले, आणि भाव पाडला. होय, पाडला. इथं त्याला लाज वाटली असं लिहिलं तर गोष्ट छान होईल, पण त्याला ती वाटली नाही. याडीनं तो बोंडूक मातीतून उचलला, फुंकला आणि आपल्या ओटीत ठेवला. म्हणाली, "हा तुले विकाचाच नवता."

आता तुम्ही. हे वाचता आहात तो कागद खाली ठेवा. तुमच्या घरात, शेजारी, तुमच्या वावरात जी बाई कापूस वेचते तिला हात पुढं करायला सांगा आणि एकेक बोट पाहा. पन्नी दिसली तर सोडा, बोळा काढा, जखम साबणानं धुवा, धुतलेली सैल पट्टी बांधा आणि ती रोज बदला. तिला ताप असेल, अंग लाल असेल, उलट्या होत असतील, चक्कर येत असेल, तर सलाईन लावून घरी पाठवणाऱ्याकडे नेऊ नका. थेट मोठ्या दवाखान्यात न्या आणि दारातच सांगा, 'बोटात बोळा होता.' आणि तुम्ही खरेदीवाले असाल, तर पुढच्या गंजीत लाल ठिपका सापडेल तेव्हा भाव बोलायच्या आधी विचारा, ही बाई कुठं आहे आणि तिचं बोट कसं आहे.

वेचा चालू आहे. उठा, बोट पाहा.